टाकीला पण पोट असतं



रांगडा कांदा लागून झालाय, रब्बीचं रोप अजून टाकायचंय, त्यामुळं हाताला जरा उसंत आहे. आज पिकाऐवजी पोटाविषयी लिहितो. एक पोट गोठ्यातलं आणि दुसरं कंपनीतलं.

आपल्याकडं आता शेताला शेजार शेताचा कमी आणि कंपनीच्या भिंतीचा जास्त. खराबवाडी, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, कुठंही जा. एकेका कंपनीत हजार-दोन हजार माणूस जेवतं. उरलेला भात, भाजी, चपात्या, सालं रोज टाकायची कुठं, हा त्यांना प्रश्न. म्हणून काहींनी कॅन्टीनच्या मागं गॅसची टाकी बसवली आहे. अशा एका कंपनीशी माझा चार वर्षांचा व्यवहार आहे. टाकी सुरू करताना पहिलं शेण माझ्या गोठ्यातलं गेलं. आता तिच्यातून निघणारी स्लरी टँकरनं माझ्या रानात येते. पैसे कोणी कोणाला देत नाही. दोन एकर कांदा त्या स्लरीवर आहे आणि युरियाची पोती निम्म्यावर आली आहेत. म्हणून ती टाकी आजारी पडली की माझीही झोप जाते.

कंपनीतली माणसं म्हणतात, 'प्लँट डाऊन आहे'. मी म्हणतो आजारी आहे. शब्दाचा फरक वाटेल, पण सगळी गोष्ट त्यातच आहे.

आधी गाय बघू. वैरण टाकली की गाय ती धड चावत नाही, भराभर गिळून घेते. मग निवांत बसते आणि रवंथ करते, दिवसाकाठी सहा ते आठ तास. तिच्या पोटाचे चार कप्पे, त्यातला पहिला कोटीपोट. मोठ्या संकरित गाईचं कोटीपोट म्हणजे शंभर लिटरच्या वरची टाकीच. आत ३९ अंशाच्या आसपास ऊब, थंडी असो की ऊन. आत हवा नाही. मिनिटाला एक-दोन वेळा ते पोट स्वतःच ढवळलं जातं. डॉक्टर गाईच्या डाव्या कुशीत मूठ दाबून घड्याळ बघतात ना, ते हेच ढवळणं मोजतात. आणि लाळ किती, तर दिवसाला शंभर लिटरच्या पुढं. त्या लाळेत निसर्गानंच सोडा घातलेला असतो, म्हणजे आत आम्ल झालं तरी सामू फार खाली जात नाही.

सगळ्यात हुशारीची गोष्ट मला वेगळीच वाटते. जाड कुट्टी वर तरंगत राहते, ती परत तोंडात येऊन चावली जाते. जी बारीक आणि जड झाली तिलाच पुढच्या पोटाचं दार उघडतं. म्हणजे ज्याचं काम झालं नाही त्याला बाहेर सोडायचं नाही, आणि ज्याचं झालं त्याला उगाच धरून ठेवायचं नाही. माणसानं बनवलेल्या बहुतेक टाक्यांत हे होत नाही. तिथं एका बाजूनं जेवढं ओतलं तेवढं दुसऱ्या बाजूनं बाहेर, मग ते शिजलेलं असो की कच्चं.

गाईचं हे काम दोन-तीन दिवसांत उरकतं. आपल्या जुन्या गोबरगॅसला महाराष्ट्राच्या हवेत ४० दिवसांचा मुक्काम धरून खड्डा बांधतात. हा फरक का, हे समजायला मला डॉ. आनंद कर्व्यांचं काम वाचावं लागलं. हे महर्षी कर्व्यांचे नातू, इरावतीबाईंचे चिरंजीव, वनस्पतीशास्त्राचे माणूस. त्यांची 'आरती' नावाची संस्था पुण्यात आणि फलटणला काम करायची. त्यांचं म्हणणं साधं होतं. गॅस करणारे जिवाणू मुळात जनावराच्या पोटातले. तिथं त्यांना जनावराचं खाणं मिळतं. आणि आपण मात्र त्यांना शेण घालतो, म्हणजे जनावरानं सगळा कस काढून घेतल्यावर उरलेला चोथा. मग गॅस कुठनं यायचा? कर्व्यांनी शेणाऐवजी पीठ, खराब धान्य, खरकटं, पेंड असलं घालून बघितलं. त्यांच्या संस्थेचा हिशेब असा, की असं दोन किलो खाणं घातलं तर अर्धा किलो मिथेन मिळतो आणि एक-दोन दिवसांत मिळतो, तेवढ्याच गॅसला शेण ४० किलो लागतं आणि दिवसही ४०. शहरातल्या गच्चीवर मावेल एवढी टाकी त्यातून आली आणि २००६ साली तिला इंग्लंडमधला अॅश्डेन पुरस्कार मिळाला. कॅन्टीनच्या मागच्या टाक्या बघितल्या की मला त्याच विचाराचा वारसा दिसतो. बसवणाऱ्यांना ते माहीत असो नसो.

पण खाणं कसदार असलं की त्याचा धोकाही कसदार असतो. हे गोठ्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आता यंदाच्या दसऱ्याची गोष्ट. खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा झाली, सगळ्या शिफ्टला गोड जेवण. श्रीखंड, पुरी, जिलेबी, मसालेभात. उरलं भरपूर. ते सगळं एका दिवसात टाकीत गेलं. चौथ्या दिवशी शेगडी फडफडायला लागली, पाचव्या दिवशी विझली. टाकीवरचा फुगा मात्र टम्म. म्हणजे गॅस आहे पण जळत नाही. तिथं बघायला लातूरकडचा एक पोरगा आहे, इंजिनीअर, पंचविशीतला. त्यानं मला फोन केला.

"काका, गॅस भरलाय पण पेटत नाही. कल्चर पावडर मागवू का?"

मी म्हणलं, "पावडर राहू दे. वास कसा येतोय?"

"आंबट. ताकासारखा. नाही, त्याच्यापेक्षा घाण."

मी म्हणलं, "खायला घालणं आजपासून बंद कर. मी येतो."

ज्यांची गाय कधी रात्रीतून दावं तोडून भरड्याच्या पोत्यापर्यंत पोचली असेल त्यांना हा वास लगेच कळेल. मक्याचा भरडा, शिळा भात, लग्नातलं उरलेलं अन्न, यातलं काही गाईनं भरपेट खाल्लं की आत आम्ल करणारे जिवाणू माजतात. साखर आणि पीठ त्यांना फार लवकर पचतं. आम्ल वाढतं, सामू घसरतो, गाय रवंथ सोडते, पोट थांबतं, आणि वेळेत बघितलं नाही तर गाय हातची जाते. टाकीतही तसंच झालं होतं. आत दोन टोळ्या काम करतात. पहिली अन्नाचं आम्ल करते, दुसरी आम्लाचा गॅस करते. पहिली तरणीताठी, तासाभरात पोरंबाळं वाढवणारी. दुसरी म्हातारी, तिची वाढ व्हायला दिवस लागतात. एकदम गोड आलं की पहिलीनं आम्लाचा डोंगर घातला आणि त्याच आम्लानं दुसरी गुदमरली. फुगा भरला होता तो जास्त करून कार्बन डायऑक्साइडनं. तो कसा पेटणार?

उपाय पण गोठ्यातलाच. खाणं बंद. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून थोडा थोडा, एकदम नाही. पोरगा चुना म्हणत होता. चुन्यानं सामू उडी मारतो आणि खाली गाळ बसतो, मी सोड्यावरच राहू म्हणलं. आणि तिसरं औषध, ताजं शेण. आमचे वडील बैल पोटानं बसला की दुसऱ्या चांगल्या बैलाच्या तोंडातला रवंथाचा घास काढून आजारी बैलाला चारायचे. लहानपणी मला किळस यायची. आता जनावरांचे डॉक्टर निरोगी गाईच्या पोटातलं पाणी नळीनं काढून आजारी गाईला पाजतात, तेव्हा कळलं म्हाताऱ्याचं औषध खरंच होतं. आजारी पोटात निरोगी पोटातली वस्ती नेऊन सोडायची. टाकीसाठी माझ्या गोठ्यातनं रोज चार ड्रम ताजा शेणकाला पाठवला.

वरचे साहेब मात्र कंटाळले होते. त्यांनी ओल्या कचऱ्याच्या ठेकेदाराचा भाव मागवला होता. टाकी भंगारात आणि कचरा गाडीत, म्हणजे माझी स्लरी संपली आणि पोराच्या हातचं कामही गेलं. पोरानं पंधरा दिवस मागून घेतले. बाराव्या दिवशी सकाळी त्यानं निळ्या ज्योतीचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही दोघांनी बसून टाकीचा आहार लावला. गाईला चारा बदलायचा तर आठ-दहा दिवस हळूहळू बदलायचा, हा नियम तिथं पण लावला. रोजचं वजन वहीत. गोड आणि भात किती, भाजीपाला किती, वेगवेगळं लिहायचं. सामूचा कागद रोज बुडवायचा. सात वरून खाली सरकायला लागला की दुसऱ्या दिवशी अर्धपोटी ठेवायचं. सणावाराचं उरलेलं ड्रममध्ये ठेवून आठ दिवस वाटून घालायचं. कुटायचं मशीन होतं पण जाळी मोठी होती, ती बारीक केली. तेच टाकीचे दात. लसूणघासानं गाय फुगली की आपण गोडं तेल पाजतो, कारण आत फेस असतो आणि तेलानं फेस मोडतो. टाकीत पण कधी असा फेस येतो, मोठ्या प्लँटात सुद्धा त्यावर तेल घालतात. हे पोराला माहीत होतं, पण गाईला तेच पाजतात हे माहीत नव्हतं. बराच वेळ हसला.

अजून एक गंमत. आपल्याकडं रस्त्याकडंला लेथवरचा लोखंडी कीस, तारेचे तुकडे, खिळे पडलेले असतात आणि चरणारी जनावरं ते गिळतात. जड वस्तू जाळीपोटात जाऊन बसते, टोचते, आणि त्याच्या पुढंच हृदय. म्हणून काही डॉक्टर गाईला लोहचुंबक गिळायला लावतात, लोखंड त्याला चिकटून तिथंच पडून राहतं. त्या कंपनीत चमचे कुटायच्या मशीनमध्ये जाऊन पाती तुटायची. मी म्हणलं, चुंबक लाव तोंडाशी. पहिल्या आठवड्यात अकरा चमचे निघाले.

हे झालं खरकट्याचं, जे सोपं आहे. खरा अवघड माल म्हणजे पेंढा, सरमड, कडबा, उसाचं पाचट. माणसाचं पोट याच्यापुढं हात टेकतं. गाय मात्र त्याच्यावर दूध देते. पेंढ्यातला सेल्युलोज म्हणजे साखरेचीच साखळी, पण लिग्निननं अशी जखडलेली की सुटत नाही. कारखान्यात ती सोडवायला काय करावं लागतं बघा. पानिपतला इंडियन ऑइलचा पेंढ्यापासून इथेनॉल करायचा कारखाना १० ऑगस्ट २०२२ ला सुरू झाला. तंत्रज्ञान आपल्या पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. वर्षाला दोन लाख टन पेंढा लागेल, रोज १०० किलोलिटर इथेनॉल निघेल असा तो बांधला. तिथं पेंढा आधी आम्ल आणि वाफ देऊन मऊ करतात, मग एन्झाइम घालतात, मग यीस्ट घालून आंबवतात. ही एन्झाइम जगभर ज्या बुरशीपासून करतात ती ट्रायकोडर्माच्या कुळातली. आपण मर रोगासाठी शेणखतात मिसळतो त्या ट्रायकोडर्माची चुलत बहीण. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे तंबू कुजत होते, त्या कापडावर ती सापडली. म्हणजे तंबू खाणारी बुरशी आज पेंढा खायला कामाला लावली आहे.

पण गाय न शिजवता, ३९ अंशात, आम्ल न ओतता हे करते. कशी? याचं अर्धं उत्तर पुण्यात आघारकर संस्थेत शोधतात. आपल्याला ही संस्था एमएसीएस सोयाबीनच्या आणि गव्हाच्या वाणांमुळं माहीत आहे. तिथंच हवेशिवाय जगणाऱ्या जिवांवरही काम चालतं. गाई-शेळ्यांच्या पोटात एक बुरशी असते जी हवा लागली की मरते. बुरशीला हवा लागतेच, असं पूर्वी शास्त्रज्ञ धरून चालायचे. १९७५ साली ऑर्पिन नावाच्या इंग्लंडमधल्या माणसानं मेंढीच्या पोटातले पोहणारे जीव बघून दाखवलं, की हे किडेबिडे नाहीत, ही बुरशीच आहे. ती पेंढ्याच्या काडीत मुळ्या घुसवते, आतून फुगते आणि काडी फोडते. वर एन्झाइमही सोडते. म्हणजे पहार आणि औषध दोन्ही एकाच कामकऱ्याकडं. ती फोडते म्हणून मागच्या जिवाणूंना आत शिरायला वाट मिळते. आघारकरच्या लोकांनी शेळीच्या पोटातून अशा बुरशीचा एक अगदी नवा वंश शोधून २०१८ साली नोंदवला. नाव लांबलचक आहे, लिबेटान्झोमायसिस. शेळी काटेकुटे, बाभळीचा पाला, बोराटी काही सोडत नाही, तेव्हा तिच्या पोटात नवीन कामगार सापडला याचं मला नवल वाटलं नाही.

याच संस्थेनं केपीआयटी कंपनीबरोबर पुढचं काम केलंय. भात, गहू, मक्याचे अवशेष न शिजवता, बाहेरून एन्झाइम न घालता, जिवाणूंच्या निवडक टोळीकडून कुजवायचे. पहिल्या पायरीला हायड्रोजन काढायचा आणि उरलेल्यातून दुसऱ्या पायरीला मिथेन. दोन पायऱ्या हे मला फार पटलं. तरणी टोळी एका खोलीत, म्हातारी दुसऱ्या खोलीत. एकीनं दुसरीला गुदमरवायचा प्रश्नच राहत नाही.

इथं एक सांगितलं पाहिजे. गाईचं सगळंच उचलून चालत नाही. गाईला गॅस नकोच असतो. तिला ते आम्लच हवं असतं, कोटीपोटाच्या भिंतीतून ते रक्तात जातं आणि तिची बरीचशी ताकद त्यातून येते. ढेकरेतून जाणारा मिथेन हा तिचा तोटा. म्हणून ती माल दोन-तीन दिवसांत पुढं ढकलते, तेवढ्यात आम्लाचा गॅस करणारी म्हातारी टोळी तिच्या पोटात बसूच शकत नाही. कंपनीला उलट आम्ल नको आणि गॅस हवा. म्हणजे गाईचं तोंड, लाळ, चाळण आणि बुरशी घ्या, पण मुक्काम मात्र टाकीचाच लांब ठेवा. 'आमचं यंत्र गाईसारखं चालतं' म्हणणारे विक्रेते येतात, त्यांना मी एकच विचारतो, तुमची गाय दूध देते का गॅस?

आता माझ्या काळजीची गोष्ट. गेल्या महिन्यात एक एजंट बाजरीचं सरमड आणि मक्याची धाटं मागायला आला होता. ब्रिकेट करून इथल्याच कंपन्यांच्या बॉयलरला जाळणार. भाव बरा होता. मोशीलाही महापालिकेचा कचऱ्यापासून वीज करायचा प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ ला सुरू झाला, तिथं कचरा जाळतात. सुका, कुजत नाही असा कचरा जाळला तर माझं काही म्हणणं नाही. डोंगर साठण्यापेक्षा बरं. पण जे पचू शकतं ते जाळायचं? जाळलं की नत्र धुराड्यातून गेलं. राखेत पालाश आणि थोडं स्फुरद उरतं, ते कंपनीच्या मागं ढिगात पडतं. पचवलं तर गॅसबरोबर जातो तो मुख्यतः कार्बन. नत्र, स्फुरद, पालाश सगळं स्लरीत राहतं. गाय हेच करते. कस घेते आणि शेण परत देते, म्हणून तर शेतकऱ्यानं तिला हजारो वर्षं पोसली. मी एजंटला सरमड दिलं नाही, माझ्या सहा जनावरांनाच ते उन्हाळ्यात पुरत नाही.

केंद्राची 'सतत' योजना १ ऑक्टोबर २०१८ ला आली, देशभर दाबलेल्या बायोगॅसचे ५००० प्रकल्प करायचं ठरलं. आपल्या पट्ट्यातही असे प्रकल्प पेंढा, धाटं मागायला येतील. माझं म्हणणं, माल द्या, पण सौद्याच्या कागदावर भावाच्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहून घ्या, टनामागं स्लरी किंवा खत किती परत येणार. कोरड्या मालाचा पैसा एकदाच मिळतो, आणि रानातला कर्ब त्या गाडीत बसून गेला तर पुढच्या पावसाळ्यात जमीन पाणी धरत नाही.

कॅन्टीनची स्लरी वापरणाऱ्यांना एक सूचना. खरकट्यात मीठ असतं. मी नुसती स्लरी कधी देत नाही, पाटपाण्यात पातळ करून देतो, आणि दर वर्षी मातीची क्षारता तपासून घेतो. कांद्याला शेवटचा महिना स्लरी पूर्ण बंद, नाहीतर माना जाड होतात आणि माल वखारीत टिकत नाही.

दिवाळी तोंडावर आली आहे. काल पोराचा फोन होता, कंपनीत आठशे फराळाची पाकिटं येणार आहेत आणि उरणार हे नक्की. मी म्हणलं, चिवडा-चकलीला तेल फार असतं, ते रोज थोडं थोडं. लाडू आणि शंकरपाळी वेगळ्या ड्रममध्ये काढून ठेव, घालू आठवडाभरानं. तर म्हणतो, "काका, लाडू टाकीपर्यंत पोचणारच नाहीत, रात्रपाळी आहे ना."